सेगावा साहेबाची सीडी

सेगावा साहेबाने पहिल्याच दिवशी गाडीत बसण्याआधी खिशातून रुमाल काढून सीट पुसली, आणि हंबीरराव काटकरांनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं की ह्या माणसाशी आपलं जमायचं नाही. सीट त्यांनी धारहून निघतानाच ओल्या फडक्याने लख्ख पुसली होती. वाहन पुसणं त्यांच्या घराण्यात पणजोबांपासून चालत आलेलं. पणजोबा धार दरबारच्या पागेत घोडे सांभाळत, आजोबांनी दरबारची मोटार चालवली, वडिलांनी सरकारी जीप. हंबीररावांची स्वतःची जुनी इनोव्हा होती, आणि ती पीथमपूरच्या एका गियर बनवणाऱ्या कंपनीला कराराने लावलेली होती. पन्नाशी ओलांडलेला, आखूड मानेचा, मिशा राखून असलेला हा माणूस रागावला की बोलत नसे, जबडा आवळून बसे. साहेब आल्यापासून जबडा सैल पडल्याचे दिवस थोडेच.

साहेब जपानहून आलेला. कंपनीला सुटे भाग देवासच्या एका कारखान्यातून यायचे, आणि ते नीट बनतात की नाही हे बघायला त्याला वर्षभरासाठी पाठवलं होतं. राहायचा पीथमपूरच्या गेस्टहाउसात. आठवड्यातून दोन-तीनदा त्याला राऊवरून बायपासने देवासला न्यायचं, दिवसभर कारखान्याच्या फाटकाबाहेर थांबायचं, संध्याकाळी परत आणायचं. साहेब मागे न बसता पुढे, शेजारी बसायचा. बोलणं म्हणाल तर 'गो', 'स्टॉप' आणि 'नो'. त्यातलं 'नो' सगळ्यात जास्त. हॉर्न वाजवला, नो. काच खाली करून थुंकले, नो. फोन कानाला लावला की डॅशबोर्डवर बोटाने टकटक, आणि नो.

तिसऱ्या की चौथ्या फेरीला साहेबाने बॅगेतून एक सीडी काढली. तिच्या कव्हरावर पाण्याने भरलेलं भाताचं शेत होतं, त्यात एका पायावर उभा असलेला बगळा, आणि मागे कारखान्याचं धुराडं. न विचारता त्याने ती गाडीच्या प्लेअरमध्ये सारली आणि डोळे मिटून घेतले.

आधी पाणी ठिबकल्यासारखं काहीतरी वाजलं. मग पेटीसारखा सूर, पण पेटीला ताप भरावा तसा थरथरणारा. हंबीरराव गाणाऱ्याची वाट बघत राहिले. आत्ता येईल, मग येईल. राऊ मागे पडलं तरी गाणारा काही येईना. ड्रम धावत सुटला, मध्येच ठेचकाळला, परत धावला. आणि तेजाजीनगरच्या थोडं पुढे इंजिनाच्या बाजूने अशी किंकाळी उठली की हंबीररावांचा पाय ब्रेकवर गेला. गेला फॅनबेल्ट! त्यांनी गाडी कडेला घेतली, उतरून बॉनेट उघडलं, वाकून बघितलं. बेल्ट जागच्या जागी, ताठ. मग लक्षात आलं, किंकाळी गाडीच्या आतून येत होती. ती गिटार होती.

"व्हाय स्टॉप?" साहेबाने काच खाली करून विचारलं.

"बेल्ट, साब. आवाज आया."

साहेबाने एक बोट प्लेअरकडे दाखवलं. मग तेच बोट स्वतःच्या कपाळाशी नेऊन गोल फिरवलं. ती खूण कळायला जपानी यावं लागत नाही.

रात्री ताटावर बसल्यावर त्यांनी बायकोला, चारुलताबाईंना विचारलं, "जपानात माणसं गात नाहीत का गं?"

"का? काय झालं?"

"पाऊण तास नुसती आदळआपट. भांड्यांचं कपाट जिन्यावरून ढकलल्यासारखी. एकाच्याही तोंडून शब्द नाही."

"मुके असतील बिचारे," चारुलताबाई म्हणाल्या आणि त्यांनी भाजी वाढली.

पुढे प्रत्येक फेरीला तीच सीडी. साहेबाकडे दुसरी नव्हतीच, किंवा त्याला दुसरी नको होती. हंबीररावांनी एकदा आपली भजनांची पेनड्राइव्ह मुद्दाम आधीच लावून ठेवली. साहेबाने ती उपटून त्यांच्या मांडीवर ठेवली.

आणि मग, नावडत्या पाहुण्याचं पाऊल जिन्यावरच ओळखू यावं तशी ती वाजवणी त्यांना ओळखू यायला लागली. कुठे पेटी चढते, कुठे ड्रम अडखळतो, किंकाळी कुठून उठते, सगळं. ड्रमची ती चाल एक पाय आखडता टाकणाऱ्या घोड्यासारखी होती; वाटायचं आता पडेल, पण पडत नसे. एका सकाळी न्हाणीघरात अंगावर पाणी ओतताना बाहेरून अंकिताचा, त्यांच्या लेकीचा आवाज आला, "बाबा, हे काय गाऊन राहिले तुम्ही? डुग्-डुग्-डग, डुग्-डग?"

"गात नाही मी!" ते आतून ओरडले आणि बादलीला लाथ बसली ती बसलीच. स्वतःच्या घरात, स्वतःच्या तोंडून त्या माणसाचं वाजवणं निघावं ह्याचा त्यांना इतका संताप आला की त्या दिवशी ते न्याहारी न करताच निघाले.

सगळ्यात जास्त राग एका जागेचा. देवासहून परत निघताना साहेब फाटकातच सीडी सुरू करायचा, आणि क्षिप्रा गाव ओलांडलं की ती जागा यायची. सगळी वाद्यं चढत चढत जाऊन एकाएकी गप्प व्हायची. मागे उरायचा एक बारीक सूर. बासरीही नव्हे आणि माणसाचा गळाही नव्हे. तो सूर एकटाच बराच वेळ तोल सावरत चालायचा. तिथे स्टिअरिंगवरचे हात आपोआप हलके पडायचे. हंबीररावांना ते मुळीच आवडत नसे. ते त्या वेळेला मुद्दाम खोकायचे.

दिवाळीच्या तोंडावर साहेबाने देवासच्या कारखान्याचा ट्रकभर माल नापास केला. मग आणखी एक ट्रक. मालकाने एक पाळी बंद केली आणि पोरांना घरी बसवलं. त्यात अर्पित होता, हंबीररावांच्या धाकट्या बहिणीचा, कुसुमावतीचा एकुलता एक मुलगा. कुसुमला देवासला दिलेली. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि घर अर्पितच्याच पगारावर चालायचं.

तिचा फोन आला तेव्हा हंबीरराव त्याच कारखान्याच्या फाटकाबाहेर साहेबाची वाट बघत उभे होते.

"दादा, तुझ्या गाडीत बसून येतो तो मेला, आणि माझ्या पोराच्या पोटावर पाय देऊन जातो."

"मी काय करू, कुसुम? गाडी भाड्याची आहे."

"गाडी भाड्याची आहे. तू भाड्याचा नाहीस ना?"

हंबीररावांनी फोन खिशात टाकला. फाटक उघडून साहेब आला, त्याने सीटवरून हात फिरवला, बसला आणि सीडी लावली.

त्या संध्याकाळी हंबीररावांना ते ऐकवेना. त्यांनी आवाज कमी केला. साहेबाने वाढवला. त्यांनी परत कमी केला. साहेबाने त्यांच्याकडे न बघता परत वाढवला. तिसऱ्या वेळी ते प्लेअर बंदच करायला गेले, आणि साहेबाने त्यांच्या हातावर चापट मारली.

चापट काही मोठी नव्हती. डब्यातला लाडू न विचारता घेणाऱ्या पोराला आई मारते तेवढी. पण वडील गेल्यापासून हंबीररावांवर कुणी हात उचलला नव्हता, आणि त्यांच्याच गाडीत तर कुणाची टाप नव्हती. त्यांनी हात मागे घेतला. पीथमपूरपर्यंत डोळे रस्त्यावरून काढले नाहीत. साहेबाला गेस्टहाउसवर सोडलं, गाडी थोडी पुढे घेतली, उभी केली आणि अर्पितला फोन लावला.

"त्या दिवशी तू साहेबाला धडा शिकवायचं म्हणत होतास ना... कुठे थांबवू गाडी, बोल."

अर्पितने सगळं ठरवूनच ठेवलं होतं. नोकरी गेलेली चार पोरं, दोन मोटरसायकली, एक शाईची बाटली. "मामा, क्षिप्राच्या पुढे डाव्या हाताला ढाबा आहे. चहाच्या बहाण्याने तिथे गाडी लावून द्या. बस. साहेबाला काळं फासून देऊ, मोबाइलवर व्हिडिओ काढू. सगळ्या इंदूरला माहीत पडेल."

"मारायचं नाही."

"अहो मामा, अपन काय गुंडे आहोत?"

"मारायचं नाही, अर्पित. शब्द दे."

"दिला ना शब्द. तुम्ही बी द्या, की गाडी थांबेल."

"दिला," हंबीरराव म्हणाले.

ठरल्या दिवशी सकाळपासून त्यांचं मन कसं अगदी शांत होतं. साहेबाने नेहमीसारखा सीटवरून हात फिरवला तर त्यांना हसूच आलं. पूस बाबा, म्हणाले मनात, संध्याकाळी तोंड पुसायचं आहे. दिवस कारखान्याबाहेर गेला. परतीला निघताना उन्हं उतरली होती. साहेबाने सीडी लावली, डोळे मिटले.

क्षिप्रा गेलं. ढाब्याची पाटी लांबून दिसली. दोन मोटरसायकली आडव्या लावलेल्या, चार पोरं उभी. अर्पितच्या अंगात लाल जाकीट होतं. त्याच्या शेजारच्या पोराच्या हातात शाईची बाटली नव्हती. काहीतरी लांब होतं, पायाशी टेकवून धरलेलं. काठी असेल नाहीतर पाइप. हंबीररावांनी ते बघितलं. पण पुढे त्यांनी कधी असं म्हटलं नाही, की ते बघितलं म्हणून थांबलो नाही. खोटं बोलायचा त्यांचा स्वभाव नव्हता. काठी बघूनही त्यांनी डावा इंडिकेटर दिला होता.

साहेबाने डोळे उघडले. "व्हाय?"

"चाय, साब."

"नो."

"चाय," हंबीरराव म्हणाले आणि त्यांनी वेग कमी केला.

तेवढ्यात ती जागा आली. सगळी वाद्यं चढली, चढली आणि एकदम गप्प झाली. गाडीत नुसती इंडिकेटरची टिकटिक राहिली आणि तो बारीक सूर. हंबीररावांना वाटलं, एवढं होऊ दे. एवढं झालं की वळतो. हात स्टिअरिंगवर होते. वळवायचे होते. ते वळले नाहीत. अर्पितचा चेहरा काचेच्या अगदी जवळून गेला. आधी त्यावर हसू होतं. मग ते गेलं. एका पोराने बॉनेटवर हात मारला आणि मागे उडी घेतली. गाडी ढाबा ओलांडून पुढे गेली, इंडिकेटर तसाच चालू.

आरशात दोन्ही मोटरसायकली रस्त्यावर आलेल्या दिसल्या तेव्हा कुठे हंबीररावांना भान आलं, की आपण काय करून बसलो. आता थांबलं तर पोरं साहेबाला सोडणार नाहीत, आणि आपल्यालाही नाही. त्यांनी गाडी दामटली. मोटरसायकली दोन्ही बाजूंनी आल्या. शिव्या ऐकू येत होत्या, त्यांतली एक अर्पितच्या आवाजातली होती आणि ती मामाला होती. मग मागची काच फुटली. दगड मागच्या सीटवर येऊन पडला, काचांचा सडा साहेबाच्या खांद्यापर्यंत आला. साहेब खाली वाकून ओरडत होता, "स्टॉप! स्टॉप!" आणि सीडी वाजतच होती. गाणं आता परत धावत सुटलं होतं, लंगड्या घोड्याच्या चालीने.

टोलनाक्यावर गर्दी होती म्हणून पोरं मागे राहिली. नाक्याच्या कडेला पोलिसांची जीप उभी होती. साहेबाने दाराचं हँडल धरलं. "पुलिस! स्टॉप!"

पोलिसांपाशी थांबलं तर अर्पितचं नाव सांगावं लागलं असतं. हंबीररावांनी दारं लॉक केली, टोल भरला आणि गाडी काढली. तिथून पीथमपूरपर्यंत साहेब हातात फोन घट्ट धरून त्यांच्याकडे टक लावून बसला होता. चोराकडे बघावं तसा. उतरताना त्याच्या कोटावरून काचेचे तुकडे खाली पडले. तो एवढंच म्हणाला, "यू मॅड." सीडी काढून घ्यायचं त्याला सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी कंपनीत गाड्यांचं काम बघणाऱ्या उमाशंकरने बोलावून घेतलं. "काटकरजी, साहब बोल रहे हैं आपने उनको किडनैप किया."

"गिट्टी उडाली ट्रकखालून. काच फुटली. मी पळवली गाडी."

"गिट्टी पीछे से उड़ के आती है क्या, भिया?"

हंबीररावांनी जबडा आवळला. उमाशंकर म्हणाला, "कल से गाड़ी मत लाना." करार तुटला. ज्याला वाचवलं त्यानेच तोडला, आणि वाचवलं हे त्याला सांगायची सोय नव्हती.

कुसुमच्या घरी तर आगच लागली होती. ती फोनवर म्हणाली, "शब्द देऊन पळालास, दादा. शेवटी त्याचंच मीठ तुला गोड लागलं." हंबीरराव सांगू लागले की पोराच्या हातात पाइप होता. ती म्हणाली, "होता तर होता. तुझ्या डोक्यात नव्हता ना घालणार?" आणि तिने फोन ठेवला.

खरं कारण त्यांनी फक्त चारुलताबाईंना सांगितलं, तेही त्यांनी खोदून खोदून विचारल्यावर. एक सूर लागतो तिथे, तो संपू द्यावा असं वाटलं. चारुलताबाई कणीक मळत होत्या. त्यांचे हात थांबले.

"एका पिपाणीसाठी?" त्या म्हणाल्या. "बहीण घालवलीत, रोजी घालवलीत, एका पिपाणीसाठी? पाइप बघितला म्हणून नाही थांबलो म्हणा. निदान लोकांना तोंड दाखवता येईल."

"पण ते खरं नाही."

"मग खरं सांगत फिरा गावभर," त्या म्हणाल्या, आणि पुढचे कित्येक दिवस कामापुरतंच बोलल्या.

सीडी गाडीतच होती. कव्हर सीटखाली सापडलं. हंबीररावांनी ते दोनदा कचऱ्यात टाकायला म्हणून नेलं. शेवटी अंकिताला दिलं आणि म्हणाले, "काय लिहिलंय बघ तुझ्या मोबाइलवर." अंकिताने फोटो काढला. मोबाइलने हिंदीत सांगितलं, दलदल की घड़ी.

"म्हणजे दलदलीतलं घड्याळ," ती म्हणाली. "आणि इथे चार नावं आहेत वाजवणाऱ्यांची, आणि साल. बाबा, हे तर तुमच्याही लग्नाच्या कितीतरी आधीचं आहे!"

"गाणाऱ्याचं नाव?"

"नाहीच आहे. चौघंही वाजवणारेच."

त्यांना विचित्र वाटलं. इतके दिवस ते समजत होते की साहेबाने गाणाऱ्याचा भाग कुठेतरी गाळलेला असेल, मुद्दाम, खडूसपणाने. तो कधी नव्हताच.

उन्हाळ्यात अर्पित एकटाच धारला आला. आत येईना. गाडीपाशी उभा राहून म्हणाला, "मामा, मला फक्त येवढं सांगा. का नाही थांबले तुम्ही? पोरं मला विचारतात. म्हणतात, तुझा मामा बिकला."

हंबीररावांनी गाडीचं दार उघडलं. "बस."

अर्पित बसला. त्यांनी सीडी लावली आणि ती जागा येईपर्यंत दोघं एकमेकांकडे न बघता बसून राहिले. उन्हाने गाडी तापलेली, दोघांच्याही कपाळावरून घाम निथळत होता. वाद्यं चढली, गप्प झाली. बारीक सूर सुरू झाला. हंबीररावांनी भाच्याकडे बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी उमटेल असं त्यांना वाटलं होतं. उमटली ती नुसती किळस.

"ह्याच्यासाठी?"

"पुढे ऐक."

"माझ्या आईने अंगठी विकली, मामा. अन् तुम्ही ह्याच्यासाठी?" तो उतरला, त्याने दार एवढ्या जोरात आपटलं की आरसा हलला. फाटकापाशी जाऊन तो वळला. "पैसे घेतले असते ना त्या जपान्याकडून, तर मी माफ करून दिलं असतं. ते समजतं तरी."

तो गेल्यावर हंबीररावांनी सीडी बंद केली नाही. शेवटपर्यंत वाजू दिली. त्यांना कळत होतं की पोराचं काही चुकत नाही. आणि हेही कळत होतं, की तोच रस्ता, तीच वेळ परत आली तर आपले हात वळतील ह्याची आपल्याला खात्री नाही. ह्या दुसऱ्या गोष्टीने ते स्वतःवर अधिक चिडले.

साहेब वर्ष संपल्यावर जपानला निघून गेला. अर्पितला बागलीला एका धान्याच्या गोदामात काम लागलं. हंबीरराव आता राजगढहून मोहनखेड्याला जाणारे यात्रेकरू नेतात. भाडं आधीपेक्षा कमी, आणि त्यातही काही लोक एकदा बसले की परत त्यांची गाडी सांगत नाहीत. "भिया, कोई भजन लगा दो," असं कुणी म्हटलं तर ते ऐकू न आल्यासारखं करतात, आणि लंगडा ड्रम सुरू होतो. एकदा एका म्हातारीने तक्रार केली की ह्याने डोकं दुखतं. ते म्हणाले, "माझंही दुखायचं," आणि आवाज तेवढाच ठेवला.

दसऱ्याला ते सोनं द्यायला देवासला गेले. चारुलताबाई म्हणाल्या होत्या, जाऊ नका, अपमान करून घ्याल. कुसुमने दार अर्धंच उघडलं. त्यांनी आपट्याची पानं पुढे केली. तिने ती घेतली, पदराआड धरली, पाया मात्र पडली नाही.

"बरी आहेस?" त्यांनी विचारलं.

"गाडी पुढे लाव," ती म्हणाली. "दारात उभी नको. लोक बघतात."

ते पायऱ्या उतरले आणि गाडी पुढे लावायला गेले. परत येऊन बघतात तर दाराला आतून कडी लागली होती.